घाटाच्या धारेवरची सात कापडं

रंगरावांच्या शालूचं लग्न ठरलं तेव्हा नवराबायकोनं चिंता वाटून घेतल्या. मांडव, वाजंत्री, बैलांची वैरण ही रंगरावांची चिंता आणि मांडे गोजरबाईंची. घाटाखालच्या आमच्या पट्ट्यात, धामणगाव बढ्याच्या आजूबाजूला, लग्नात पुरणाचे मांडे नसले की माणूस पोटभर जेवून उठला तरी वर्षभर सांगत फिरतो की आपण उपाशी परत आलो. आणि मांडे करावेत तर गोजरबाईंनी. सैल कणकेचा गोळा पुरण भरून त्या दोन्ही हातांवर झुलवत जायच्या, आणि तो कोपरापर्यंत पसरला की उपड्या खापरावर अलगद सोडायच्या. बघणाऱ्याचा श्वास अडकायचा, मांडा कधी फाटायचा नाही.

तर अशा बाईला मांड्यांची चिंता कशाला पडावी? चिंता मांड्यांची नव्हतीच. चिंता होती व्याह्यांची.

व्याही म्हणजे घाटावरचे, अमडापूरचे उकंडराव. माणूस दिलदार. दारी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत आणि बैलाला दोरीनं मारणार नाहीत. पण दोन खोडी भारी होत्या. एक, माणसं मोजायची नाहीत. ढोरं मोजा, पोती मोजा, माणसं मोजली की कमी होतात, असं त्यांच्या आजीनं सांगून ठेवलेलं. दुसरी, चटकन रुसायचं. या दोन खोडी सुट्या सुट्या असत्या तर चाललं असतं. पण थोरल्या मुलाच्या लग्नात दोन्ही एकत्र आल्या. वऱ्हाड किती ते कोणी सांगितलं नाही, मुलीकडच्यांनी अंदाजानं रांधलं आणि उकंडरावांची माणसं पानावर बसलेली असताना वाढप संपलं. उकंडराव हात धुऊन उठले, गाड्या जुंपल्या आणि वऱ्हाड घेऊन चालते झाले. नवरी तिथंच राहिली. डोक्यावर अक्षता पडलेली ती पोर पुढं वर्षभर बापाच्या दारात बसून होती.

नंतर समेट झाला. आज ती थोरली सून अमडापुरात सुखानं नांदते आणि सासऱ्याला दटावतेसुद्धा. पण तिचं वर्ष गेलं ते गेलंच, आणि तेच गोजरबाईंच्या मनातून जात नव्हतं.

"अशा घरी पोरगी काऊन देऊन राह्यले तुमी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"घरात नाही देऊन राह्यलो, पोराले देऊन राह्यलो," रंगराव म्हणाले. "पोरगं हिरा हाय."

ते खरं होतं. उकंडरावांचा धाकटा निवृत्ती अकोल्याच्या नॉर्मल स्कुलात शिकून मास्तर झाला होता. नागपूरचं सरकार त्याला पगार देत होतं आणि अमडापूरची पोरं त्याला जीव लावत होती. शालूला त्यानं एकदाच पाहिलं होतं, पाहण्याच्या दिवशी. तिला विचारलं होतं, "लिहितावाचता येते?" ती म्हणाली होती, "येते. तुमाले मांडे करता येतात?" रंगरावांनी कपाळावर हात मारला आणि निवृत्तीनं तिथंच होकार दिला.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी बोलणी करायला अमडापूरला जायचं काम तुळशीरामकडे आलं. तुळशीराम हा गोजरबाईंचा धाकटा भाऊ. बाजारात मापाडी होता, धान्य मोजून द्यायचा. गोड गळ्याचा माणूस. मापाड्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या मापाला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा; मग दोन, तीन, चार. त्याच्या 'लाभ'ला असा काही सूर असायचा की पोतं रिकामं करून देणाऱ्यालाही आपल्यालाच काही मिळाल्यासारखं वाटायचं.

पानसुपारी झाल्यावर तुळशीरामनं हळूच विषय काढला. "जी, वऱ्हाड अंदाजे किती राहील?"

उकंडरावांचा चेहरा उतरला. "तुळशीराम, तुमी मापाडी माणूस. धान्य मोजा ना बाप्पा. माणसं काऊन मोजता?"

"मांड्यासाठी इचारलं जी."

"येऊ तेवढे येऊ. वाटेत चार गाड्या जुळतीन, दोन सुटतीन. घाटाच्या वर मुक्काम करून सकाळी उतरू. पण माह्या वऱ्हाडाचा आकडा कोणाच्या तोंडून निंगणार नाही. सांगून ठेवतो."

तुळशीराम तोंड पाडून निघाला. त्याला वेशीपर्यंत पोचवायला निवृत्ती आला. वेशीबाहेर आल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, आकडा तोंडातून काढाले मनाई हाय. कापडं वाळत घालाले नाही."

"म्हंजे?"

निवृत्ती रस्त्याच्या धुळीत बसला. पोरांना शिकवायची हौस होती त्याला, आणि नॉर्मल स्कुलातल्या एका जाड पुस्तकाच्या शेवटी त्यानं एक गंमत वाचली होती. बोटानं त्यानं धुळीत सात घरं काढली. "दोनच खुणा घ्यायच्या. हाय, अन् नाही. तिसरी खूण नाही. इकडच्या शेवटच्या घराची किंमत एक. त्याच्या बाजूच्याची दोन. मंग चार, आठ. दर घराले दुप्पट. ज्या घरात खडा ठेवला ते धरायचं, रिकामं सोडून द्यायचं. असा एकशे सत्तावीसपर्यंतचा कोणताबी आकडा या सात घरात मांडता येते."

तुळशीराम त्या घरांकडे बघत राहिला आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "मास्तर, हे तं माह्या मापायची उतरंड हाय!"

आता निवृत्तीची बघत राहायची पाळी आली. तुळशीरामच्या झोळीत मापं होतीच. त्यानं ती एकातून एक काढून धुळीतल्या घरांवर मांडली. सगळ्यात बारकं निळवं. दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे चिपटं. दोन चिपटी, मापटं. दोन मापटी, शेर. दोन शेर, अधोली. दोन अधोल्या, पायली. सात घरं, सात मापं.

"निळव्यात एक माणूस धरा," तुळशीराम म्हणाला. "कोळव्यात दोन, चिपट्यात चार, मापट्यात आठ, शेरात सोळा, अधोलीत बत्तीस. अन् पायलीत चौसष्ट. तुमच्या पुस्तकवाल्यानं कुठल्या तरी मापाड्यापाशी चाकरी केली असन."

दोघंही रस्त्यात बसून पोरांसारखे हसले. मग तिथंच ठरलं. लग्नाच्या सकाळी घाटाच्या धारेवर, जिथून आमचं गाव सरळ खाली दिसतं तिथं, दोन झाडांना दोरी बांधायची. तिच्यावर सात कापडं. पांढरं उपरणं म्हणजे माप भरलेलं, लाल पागोटं म्हणजे माप रिकामं.

"डाव्या हाताकडून सुरुवात," निवृत्ती म्हणाला. "पहिली पायली, शेवटी निळवं."

डाव्या हाताकडून, डाव्या हाताकडून, असं घोकत तुळशीराम घाट उतरला.

घरी आल्यावर ओट्यावर शाळा भरली. सातही मापं ओळीनं मांडली. भरलेलं माप उभं, रिकामं माप उपडं. रंगरावांना हा खेळ इतका आवडला की ते येणाऱ्याजाणाऱ्याला धरून बसवायला लागले. मात्र बेरीज करताना अधोलीनंतर त्यांची गाडी चिखलात रुतायची, मग ते पायलीपासून पुन्हा सुरू करायचे.

शालू पुरणाची हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. थोडा वेळ तिनं सहन केलं. मग म्हणाली, "मामा, एवढी नावं पाठ कराची गरजच नाही."

"ते कसं वं?"

"डावीकडून चालत यायचं. दर कापडाले हातातला आकडा दुप्पट कराचा. पांढरं असलं तं वरून एक टाकायचा, लाल असलं तं नुसतंच दुप्पट. शेवटच्या कापडापाशी हातात राहते ते उत्तर."

"अन् हे बराबर येते कसं?"

"पायलीभर धान अधोलीनं मोजलं तं दोन माप होतात ना? एक एक माप खाली उतरलं की हातातलं दुप्पट होणारच. त्यात पुढचं भरलं असलं तं ते एक मिळवाचं. बस."

तुळशीरामनं दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बरोबर आलं. त्यानं भाचीला काही शाबासकी दिली नाही. बहिणीला मात्र म्हणाला, "गोजर, पोरगी बराबर घरी जाऊन राह्यली."

लग्न वैशाखातलं होतं. त्या दिवशी उजाडायच्या आत अर्धं गाव मारुतीच्या पारावर जमलं. रात्री वऱ्हाड घाटमाथ्यावर उतरल्याच्या शेकोट्या दिसल्या होत्या. उजेड फाकला तेव्हा धारेवरच्या सलईच्या दोन झाडांमध्ये दोरी ताणलेली आणि तिच्यावर सातही कापडं टांगलेली होती. लांबवर सोडलेली पागोटी आणि उपरणी पहाटवाऱ्यात हलत होती. माणूस मात्र एकही दिसत नव्हता.

वाचायचा मान रंगरावांनी स्वतःकडे घेतला होता. खांद्यावरचा पंचा सावरून ते पारावर उभे राहिले आणि डावीकडून ओरडायला लागले. "पायली, लाल! अधोली, लाल! शेर, लाल! मापटं, पांढरं! चिपटं, लाल! कोळवं, पांढरं! निळवं, पांढरं!"

तुळशीरामनं बोटांवर जुळवलं. आठ, दोन आणि एक.

"अकरा," तो म्हणाला.

उकंडरावांच्या धाकट्या मुलाचं वऱ्हाड, आणि अकरा माणसं? म्हणजे रुसवा आधीच झाला. व्याही नातेवाईकांना घरी ठेवून नुसती रीत उरकायला येत होता. गोजरबाई डोळ्यांना पदर लावून पाराच्या कडेला बसल्या. "मी म्हणलं होतं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पाहा, पाहा!" दोरीच्या डाव्या टोकाचं लाल पागोटं सरसर खाली गेलं. थोडा वेळ तिथं नुसतं आभाळ दिसलं. मग त्या जागी पांढरं कापड चढलं.

"पायली भरली!" रंगराव पारावरच नाचले. "चौसष्ट अन् अकरा! पंचाहत्तर माणसं!"

वाजंत्र्यांनी न सांगताच सनई फुंकली. अकराच्या धक्क्यानंतर पंचाहत्तर म्हणजे सुखाचा आकडा होता, आणि सुखाच्या आकड्याला कोणी उलटून प्रश्न विचारत नाही. गोजरबाई डोळे पुसून उठल्या आणि पंचाहत्तर वऱ्हाड्यांच्या हिशेबानं डाळ शिजायला टाकायला घरी पळाल्या.

दोन प्रहर व्हायला आले तेव्हा शालूला हळद लागत होती. शेजारच्या रुखमाबाई तिच्या समोर पाटावर बसल्या होत्या. हात जरा घाईचा आणि तोंड त्याहून. बोलता बोलता त्यांनी शालूच्या मनगटाला हळकुंड बांधलं.

"रुखमाबाई, नवरीच्या डाव्या हाताले बांधतात वं!" गोजरबाई चुलीपासून ओरडल्या.

"डाव्यालेच तं बांधलं."

"तो उजवा हाय."

रुखमाबाईंनी आपला डावा हात वर करून पाहिला, शालूच्या हाताशी जुळवून पाहिला आणि हसत सुटल्या. "अवो, समोर बसली ना मी! माह्या डाव्याच्या समोर तिचा उजवाच यीन."

बायका हसल्या. शालू हसली नाही. ती पाटावरून तशीच उठली, हळदीच्या अंगानं, आणि मांडवाच्या तोंडाशी गेली. "मामा! मामा, इकडे या."

तुळशीराम धावत आला.

"सकाळी पागोटं बदललं, तवा बदलणारा दिसला?"

"नाही. नुसतं कापड खाली गेलं अन् दुसरं वर आलं."

"म्हणजे तो कापडामागं उभा होता. गावाकडे तोंड करून. त्याच्या डाव्या हाताकडची पायली आपल्या उजव्या हाताले आली, मामा. आपण उलटं वाचलं."

हे ऐकून रंगरावही आले. आपण वाचलेलं उलटं होतं हे कुठल्या बापाला मांडवात ऐकायला आवडेल? "मास्तर हाय तो," ते म्हणाले. "डावंउजवं त्याले समजत नाही?"

"मास्तर हाय म्हणूनच. रोज फळ्याकडे तोंड करून लिहितात. पोरं पाठीमागं बसतात, त्यायचंबी तोंड फळ्याकडेच. त्यायचं डावं तेच पोरायचं डावं. समोर बसून वाचणारा त्यायले कधी भेटलाच नसन."

"हे तुहे तर्क झाले."

"मंग हे सांगा बाबा, ते एक कापड मागाहून बदललं. तुमच्या वाचण्यानं ते पायलीचं. एवढ्याशा वेळात घाटावर चौसष्ट माणसं कुठून आली? आभाळातून पडली? माह्या वाचण्यानं ते निळव्याचं हाय. एक माणूस. एक माणूस कवाबी येऊ शकते."

तुळशीराम भाचीकडे वळला. "वाच बरं पोरी. उजवीकडून."

शालूनं डोळे मिटले. हळदीचं बोट ती एका एका कापडावर ठेवल्यासारखं हवेत सरकवत गेली. "पांढरं, एक. पांढरं, तीन. लाल, सहा. पांढरं, तेरा. लाल, सव्वीस. लाल, बावन्न. पांढरं..." ती थांबली. "एकशे पाच."

पंचाहत्तर लोकांची डाळ चुलीवर होती. तीस माणसं जास्तीची, आणि ती या घटकेला घाटातून उतरत होती.

रंगरावांना ते पटेना. "अन् जर पंचाहत्तरच आले तं? तीस पानं रिकामी राहतीन. वऱ्हाडाच्या पंगतीत रिकामं पान! व्याही अपशकुन म्हणून तिथंच उठन."

"अन् एकशे पाच आले तं?" शालू म्हणाली. "बाबा, मले वर्षभर या दारात बसायचं नाही. मले त्यायच्या संगं जायचं हाय."

लग्नाच्या मुलीनं मांडवात असं बोलू नये. तिनं ते बोलून टाकलं आणि मान खाली घातली नाही. गोजरबाई चुलीपासून उठल्या. लेकीजवळ आल्या, तिच्या उजव्या हातातलं हळकुंड सोडलं, डाव्याला बांधलं आणि गाठ पक्की केली.

"एकशे पाच," त्या म्हणाल्या. "रुखमाबाई, तुमच्या घरी डाळ किती हाय?"

त्यानंतरची दुपार आमचं गाव अजून विसरलेलं नाही. रुखमाबाईंनी घरातली डाळ आणली आणि वाटेत ओरडत आणली, त्यामुळे त्यांच्या मागून सगळी आळी आली. कोणी गूळ आणला, कोणी गहू. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी आपलं खापर आणलं आणि डोक्यावर गोवऱ्या आणल्या. रंगरावांच्या परसात एक चूल होती तिथं आठ झाल्या. वैशाखाचं ऊन वर, जाळ खाली, आणि मधे बायका घामानं निथळत एकमेकींच्या मांड्यांना नावं ठेवत होत्या. 'तुह्यावाला काय वं, गोधडी झाली!' 'अन् तुह्यातून मले घाट दिसून राह्यला!' मांडवाच्या दारात बसून तुळशीराम आलेली डाळ मोजून एकेका चुलीला देत होता, "लाभ... दोन... तीन..." आणि त्याच्या सुरात सनईवाला सूर मिसळत होता. रंगराव स्वतः पळसाच्या पत्रावळी लावायला बसले. गोजरबाई या चुलीवरून त्या चुलीवर फिरत होत्या. जिचा मांडा फाटेल तिचा हात हातात धरून पुन्हा झुलवायला शिकवत होत्या. पोरगी जाणार म्हणून महिनाभर रडणारी ती बाई त्या दुपारी इतकी हसली की नंतर तिचा घसा बसला.

उन्हं कलली आणि गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला. वऱ्हाड शिवेवर उतरलं. मोजायची तर कोणाची छाती नव्हती, पण गाड्यांची रांग संपेना तशी रंगरावांची नजर लेकीकडे गेली. पंचाहत्तर नव्हते ते. खूप जास्त होते.

तुळशीराम नवरदेवाला पाणी द्यायच्या निमित्तानं पुढं झाला आणि कानात काहीतरी पुटपुटला. निवृत्तीनं एकदा धारेकडे पाहिलं, एकदा गावाकडे पाहिलं आणि मुंडावळ्यांसकट कपाळावर हात मारून घेतला. "फळ्याची सवय, मामाजी! मंग ओळखलं कोणी?"

"जिनं ओळखलं तिच्याच गळ्यात माळ घालायची हाय," तुळशीराम म्हणाला. गोरज मुहूर्तावर अंतरपाट धरला तेव्हा नवरदेव भटजींच्या मंगलाष्टकांकडे लक्ष न देता पडद्याआड हसत होता, असं सगळ्यांनीच पाहिलं.

अक्षता पडल्या. बत्त्या पेटल्या. उकंडरावांच्या रिवाजाप्रमाणे सगळं वऱ्हाड एकाच पंगतीत बसलं, मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पानावर मीठ, लिंबू, भाजी, भात आला. मांड्यांच्या टोपल्या निघाल्या. बसणारे बसत गेले, बसत गेले, आणि शेवटचा माणूस बसला.

एक पान उरलं.

ते नवरदेवाच्या शेजारचंच होतं. सगळ्यांनी तिथं कोणी तरी यायचं असेल म्हणून सोडलं होतं, आणि कोणीच आलं नाही. वाढणारे जागच्या जागी थांबले. उकंडरावांनी भाताकडे नेलेला हात मागं घेतला. "हे पान कोणाचं हाय?"

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. माजघराच्या दारात शालू उभी होती. तिनं मनातल्या मनात पुन्हा पहिल्या कापडापासून सुरुवात केली. एक, तीन, सहा, तेरा. पुन्हा एकशे पाचच आले. एकाची चूक नव्हती, तरी एक पान रिकामं होतं, आणि त्या एका पानासाठी आपण इथंच राहणार, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कोणाचं पान हाय, म्हणतो मी," उकंडराव पुन्हा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण थोरल्याच्या लग्नात असाच आवाज होता, असं म्हणतात.

"माह्या हिशेबातलं हाय, बाबा," निवृत्ती म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"सकाळी धारेवर मी आपली कापडं टांगली. जेवढे होतो तेवढ्यायची; आकडा तोंडातून काढला नाही. अन् मंग मनात आलं, आपण उतरताना जेवढे हाव तेवढेच चढताना नसणार. एक माणूस वाढणार हाय आपलं. मंग तिचं पान आपल्यात धराले नको? तिच्या घरी तिचं पान आजपासून नाही अन् आपल्यात अजून मांडलं नाही, तं तिनं बसावं कुठं?" तो थोडा अडखळला. "म्हणून शेवटचं पागोटं सोडलं अन् माहा पांढरा शेला बांधला."

"कोणतं पागोटं?" उकंडरावांनी विचारलं.

"तुमचंच होतं ते."

"तरीच!" उकंडरावांनी डोक्याला हात लावला. "तरीच मले सकाळपासून त्यात कुसळं टोचून राह्यली!"

पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं आणि मग हसू दाबायची सगळ्यांची धडपड सुरू झाली. उकंडराव मात्र हसले नाहीत. ते त्या पानाकडे बघत होते.

"थोरलीच्या वक्ती माह्या ध्यानात नाही आलं हे," ते हळू म्हणाले. शेजारच्या दोघाचौघांनीच ते ऐकलं.

मग ते उठले. पानावरून उठले, हे पाहून रंगरावांचा जीव गेलाच होता. पण ते गाड्यांकडे वळले नाहीत. पंगतीच्या मधून, लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, ते सरळ माजघराच्या दाराशी गेले आणि शालूसमोर उभे राहिले. तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिचा हात धरला, हळकुंडाचा डावा हात, आणि तिला नवऱ्याशेजारच्या पानापाशी आणून बसवलं. नवी नवरी वऱ्हाडाच्या पंगतीत! चार म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या आणि उकंडरावांकडे पाहून खाली आल्या.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं आता अष्टपुत्रा वगैरे म्हणतील. पण माणसं मोजायची नाहीत म्हणून सगळा जन्म घालवलेला तो म्हातारा मोजल्यासारखा थांबला आणि मोठ्यानं म्हणाला,

"लाभ."

मांड्यांची टोपली घेऊन तुळशीराम मागंच उभा होता. इतकी वर्षं हा शब्द त्याच्या तोंडून रोज निघायचा, पण आज तो ऐकताना त्याला टोपली खाली ठेवावी लागली. ती गोजरबाईंनी उचलली आणि पहिला मांडा लेकीच्या पानावर वाढला.